वजन उतरलं, कातडी तशीच राहिली: पोटाच्या लोंबत्या कातडीची शस्त्रक्रिया समजून घेताना

५० किलो वजन उतरवलेल्या माणसाचं घरीदारी कौतुक होतं. शुगरच्या गोळ्या कमी होतात, जिना चढताना धाप लागत नाही, गुडघे कुरकुरायचे थांबतात. पण रोज आंघोळीनंतर बेंबीखाली लोंबणारी कातडी एका हाताने वर धरायची, दुसऱ्या हाताने तिच्या खालची ओल टिपायची आणि तिथे जुन्या सुती साडीचा तुकडा घडी करून ठेवायचा, हे तो माणूस सहसा कुणाला सांगत नाही. डॉक्टरांनाही नाही. धीर करून सांगितलंच, तर "थोडा व्यायाम वाढवा" असं उत्तर मिळतं. ते उत्तर चुकीचं आहे, आणि त्या माणसावर अन्याय करणारं आहे.

व्यायामाने कातडीखालचा स्नायू बळकट होतो, कातडी आखडत नाही. त्वचेच्या आतल्या थरात दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजन त्वचेला बळकटी देतं आणि ताणलेली त्वचा परत जागेवर आणायचं काम इलास्टिन करतं. हे इलास्टिन शरीर बनवतं ते मुख्यतः आईच्या पोटात आणि बालपणात. मोठेपणी त्यात नवी भर जवळजवळ पडत नाही. पोटाचा घेर दहा-पंधरा वर्षं वाढलेलाच राहिला की हे तंतू ताण सोसून सोसून तुटतात. मग आतली चरबी गेली तरी वरची त्वचा जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखी सैल ती सैलच राहते. पोटावर पांढऱ्या, चमकदार रेघा दिसत असतील तर तिथे त्वचेचा आतला थर फाटून भरून आलेला आहे असं समजायचं. अशी त्वचा मूळ मापावर येत नाही.

कुणाची कातडी किती लोंबेल हे वय, लठ्ठपणा किती वर्षं होता, किती बाळंतपणं झाली, तंबाखू-सिगारेट किती, आणि घराण्यातून त्वचा कशी मिळाली यावर ठरतं. वजन कोणत्या वाटेने उतरलं याने फारसा फरक पडत नाही. जठर लहान करायचं बायपास किंवा स्लीव्ह ऑपरेशन असो, आहार सांभाळून असो, की वजन उतरवणारी हल्लीची इंजेक्शनं असोत. भारतात त्यांतलं मौंजारो मार्च २०२५मध्ये आणि वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये बाजारात आलं. त्यामुळे ऑपरेशन न करता भरपूर वजन उतरवणारी माणसं आता वाढत जाणार, आणि त्यांच्यातले बरेच जण काही महिन्यांनी याच प्रश्नापाशी येऊन पोचणार. कातडी घट्ट करणारी क्रीमं, कोलॅजनच्या पुड्या, पोटाला गुंडाळायचे पट्टे यांवर तोवर बराच पैसा गेलेला असतो. किरणांची किंवा उष्णतेची यंत्रं थोड्याशा सैलपणावर थोडा परिणाम करतात. घडी पडून लोंबणाऱ्या कातडीपुढे त्यांचा काही उपयोग नाही.

घडीच्या आत काय चालतं

डॉक्टर या लोंबत्या भागाला पॅनस म्हणतात आणि त्याच्या पाच पायऱ्या करतात. पहिल्या पायरीत घडी ओटीपोटाखालच्या केसांच्या भागापर्यंत येते, दुसरीत ती जननेंद्रिय झाकते, तिसरीत मांडीच्या वरच्या भागापर्यंत, चौथीत अर्ध्या मांडीपर्यंत आणि पाचवीत गुडघ्यापर्यंत किंवा त्याखाली. वजन उतरवलेल्या माणसांत पहिली, दुसरी आणि तिसरी पायरी नेहमीची. पण त्रास नुसत्या लांबीवर ठरत नाही. छोट्या घडीतही जीव नकोसा होऊ शकतो.

घडीत कातडी कातडीला चिकटते, घाम साचतो, हवा लागत नाही. मुंबईचा किंवा कोकणचा पावसाळा असेल तर ती जागा दिवसभर ओलीच राहते. घासून घासून त्वचेचा वरचा पापुद्रा निघतो आणि ओल्या, उबदार जागेत बुरशी वाढते. लालभडक पट्टा, कडेला बारीक पुटकुळ्या, आग आणि खाज ही तिची खूण. वास यायला लागला की माणूस चारचौघांत बसायचं टाळतो. भेगा पडल्या की त्यातून जीवाणू आत शिरतात आणि त्वचेखालच्या थरात संसर्ग पसरतो. मग ताप, सूज, लाली आणि कधी रुग्णालयात भरती. मधुमेह असेल तर हे सगळं आणखी वेगाने होतं. जोडीला कंबरदुखी, चालताना मध्येच येणारा कातडीचा भार, आणि लघवी-स्वच्छतेच्या, शरीरसंबंधाच्या अडचणी, ज्यांबद्दल बाई कुणाशी बोलत नाही आणि पुरुष तर त्याहूनही नाही.

ऑपरेशनच्या आधी, आणि ज्यांना ते करायचंच नाही त्यांनीही, ही जागा नीट सांभाळायला हवी. पाण्याने धुवायची, सौम्य साबण, मग मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडी करायची. चोळायची नाही. केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा तिथे फार चांगली चालते. घडीत कोरडं सुती कापड, आणि ते ओलं झालं की बदलायचं. बुरशी असेल तर डॉक्टरांनी दिलेलं क्लोट्रिमॅझोलसारखं मलम, आणि कातडी सोलवटली असेल तर झिंक ऑक्साइडचा थर.

आता एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मेडिकलच्या दुकानातून "खाजेचं मलम द्या" म्हणून आणलेल्या ट्यूबमध्ये फार वेळा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून लोक ते महिनोन्महिने लावतात. स्टेरॉइड त्वचा पातळ करतं, तिथे नव्या चिरा पाडतं आणि बुरशीला आतून पसरू देतं. आधीच ताणून कमकुवत झालेल्या त्वचेवर हे मलम म्हणजे नुकसानच. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असं नाव दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती उघडू नका.

तीन वेगळी ऑपरेशनं

सल्ला घ्यायला गेलं की तीन नावं कानावर पडतात आणि बहुतेकांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते. लायपोसक्शन म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं. त्यात कातडी कमी होत नाही. लोंबत्या पोटावर नुसतं लायपोसक्शन केलं तर कातडी आणखी रिकामी होऊन जास्तच लोंबते. पॅनिक्युलेक्टॉमी म्हणजे बेंबीखालची लोंबती कातडी आणि तिच्यातली चरबी कापून काढणं, एवढंच. यात पोटाच्या स्नायूंना हात लावत नाहीत. तिसरं ॲब्डोमिनोप्लास्टी, ज्याला सगळे टमी टक म्हणतात. त्यात कातडी वर बरगड्यांपर्यंत सोडवतात, मधोमध फाकलेले पोटाचे उभे स्नायू टाके घालून जवळ आणतात, वरची कातडी खाली ओढून घेतात आणि बेंबीसाठी तिच्यात नवं छिद्र करतात. बेंबी आपल्या देठावर जागच्या जागीच असते, तिच्याभोवतीची कातडी बदलते.

पॅनिक्युलेक्टॉमीनंतर पोट सपाट होईलच असं नाही. घडी जाते, ओल जाते, भार जातो. पण बेंबीच्या वरचा सैलपणा बराचसा राहतो आणि स्नायू फाकलेले असतील तर पोट पुढेच दिसतं. हे आधी नीट समजून न घेतलेले लोक नंतर निराश होतात, ऑपरेशन उत्तम झालेलं असूनही. उलट ज्याला पुरळ आणि जखमांचा त्रास होता, तो त्याच पोटाकडे पाहून समाधानी असतो.

भरपूर वजन उतरलेल्या माणसाची कातडी फक्त वरून खाली सैल नसते, आडवीही सैल असते. नुसता आडवा छेद घेऊन ती पुरेशी घट्ट होत नाही. अशा वेळी आडव्या छेदाला छातीच्या हाडाखालून येणारा एक उभा छेद जोडतात. कंबरेचा घेर त्याने छान आवळतो, पण पोटाच्या मधोमध उभा व्रण कायमचा राहतो. साडी नेसणाऱ्या बाईने याचा विचार आधी करावा, कारण आडवा व्रण परकराच्या नाडीखाली झाकला जातो, उभा झाकला जात नाही. कातडी पाठीकडूनही लोंबत असेल तर छेद कंबरेभोवती पूर्ण गोल नेतात. ते ऑपरेशन आणखी मोठं.

हे काही आजकालचं फॅड नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९मध्येच लोंबत्या पोटाचा मोठा भाग आडवा छेद घेऊन काढल्याची नोंद केली. काढलेल्या तुकड्याचं वजन साडेसात किलोच्या आसपास होतं. त्या वेळी अँटिबायोटिक नव्हती आणि रक्त भरायची सोयही आजच्यासारखी नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी

भूल देण्याआधी सर्जन तुम्हाला उभं करून पोटावर मार्करने रेघा काढतात. हे काम घाईचं नाही. कातडी आडवं पडल्यावर पसरते आणि खरी कुठे लोंबते ते कळत नाही, म्हणून उभं राहायचं. सर्जन कातडी वर उचलायला लावतात आणि तिच्या खाली, केसांच्या भागाच्या थोडं वर, कंबरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत खालची रेघ ओढतात. मग दोन्ही हातांनी कातडीची चिमूट धरून किती काढली तर वरची कड खालच्या कडेला ताण न पडता पोचेल ते अजमावतात. शरीराची मध्यरेषा, दोन्ही बाजूंची सारखी अंतरं, फोटो. तुमच्या अंतर्वस्त्राची किंवा नाडीची रेघ कुठे येते ते सांगायची वेळ हीच. संकोच करू नका.

पुढचं पूर्ण भुलेत होतं आणि साधारण दोन ते चार तास लागतात. छेद घेऊन काढायचा भाग स्नायूंवरच्या पांढऱ्या आवरणापर्यंत सोडवतात. रक्तवाहिन्या एकेक करून बंद कराव्या लागतात, कारण अनेक वर्षं जड कातडी पोसलेल्या या वाहिन्या नेहमीपेक्षा जाड झालेल्या असतात. बेंबीचा किंवा जुन्या ऑपरेशनच्या जागी हर्निया असेल तर बहुधा याच वेळी दुरुस्त करतात. तो आधी कळलेला असणं महत्त्वाचं आहे, कारण लोंबत्या कातडीत हर्निया लपतो आणि त्यात आतडं असू शकतं. शेवटी थराथराने टाके, आणि आत साचणारं पाणी बाहेर यावं म्हणून दोन्ही बाजूंना नळ्या.

खरी लढाई आधीची

या शस्त्रक्रियेचं यश ऑपरेशनच्या टेबलाआधीच्या सहा महिन्यांत ठरतं. माझ्या मते इतक्या ठामपणे ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही.

पहिली अट, वजन स्थिर हवं. बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवायच्या, ऑपरेशननंतर वजन साधारण वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं. ते थांबून निदान तीन ते सहा महिने काटा एका जागी राहिला की मगच पुढचं बोलायचं. घाई केली आणि नंतर आणखी दहा किलो उतरले तर कातडी पुन्हा सैल. उलट वजन वाढलं तर व्रणावर ताण. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३०च्या आसपास असेल तर जखम चांगली भरते. ३५च्या वर गेलं की जखम उसवण्याचा आणि संसर्गाचा धोका वाढत जातो. मूल हवं असेल तर बाळंतपणानंतर करणं शहाणपणाचं. नंतर गरोदर राहण्यात धोका नाही, पण केलेलं काम पुन्हा ताणलं जातं.

दुसरी, प्रोटीन. स्लीव्ह किंवा बायपास झालेल्या माणसाचं पोट लहान, भूक कमी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे असं त्यांना सांगितलेलं असतं. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं, वाटीभर पातळ वरणात त्याच्या आसपास. दोन वेळच्या वरण-भातावर तो आकडा गाठणं शक्यच नाही. पनीर, सोयाबीन, मासे, चिकन, घट्ट दही, आणि गरज पडली तर पावडर, असं ठरवून खावं लागतं. कोलॅजन प्रोटीनपासूनच बनतं, आणि जखम कोलॅजननेच सांधते. लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, झिंक यांची कमतरता या लोकांत सर्रास असते. तपासणीत हिमोग्लोबिन कमी आलं तर ऑपरेशन पुढे ढकला. त्यात गमावण्यासारखं काही नाही.

तिसरी तंबाखू. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनमध्ये वरची कातडी खाली ओढून शिवलेली असते आणि तिच्या कडेला रक्त लांबून यायचं असतं. तिथे रक्त कमी पडलं की कड काळी पडते, मरते, आणि जखम उघडते. सगळ्यांत धोक्याची जागा म्हणजे मधोमध, आडवा आणि उभा छेद मिळतात तिथे. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर निकोटिन पूर्ण बंद. "मी सिगारेट ओढत नाही" एवढं म्हणून भागत नाही. गुटखा, मावा, तोंडात ठेवायची तंबाखू, आणि आपल्याकडे असंख्य बायका सकाळी दात घासायला वापरतात ती मिश्री, हे सगळं निकोटिनच आहे. मिश्रीबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि बाया सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते व्यसनच नसतं. कृपा करून सांगा.

मधुमेह काबूत हवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, काहीही चालू असेल तर सांगायचं. वजनाची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना मुद्दाम सांगा. या औषधांनी पोट उशिरा रिकामं होतं, आणि उपाशी असूनही भुलेत पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. ती कधी थांबवायची ते तेच ठरवतील.

घरी आल्यावर

पहिला आठवडाभर कमरेत वाकून चालायचं, पोटावर ताण पडू नये म्हणून. झोपताना पाठीमागे उशा आणि गुडघ्याखालीही उशी. पण चालायचं, त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी, आधार घेऊन का होईना. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा या ऑपरेशनमधला दुर्मीळ पण जीवघेणा धोका, आणि त्यावर लवकर चालणं, पायांचे घट्ट मोजे आणि डॉक्टरांनी दिली तर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं हेच संरक्षण. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच घटकेला रुग्णालय.

नळ्यांना लावलेल्या छोट्या फुग्यात लालसर पाणी जमतं. घरातल्या एकाने ते मापाच्या कपात ओतून किती मिलिलिटर ते वहीत लिहायचं, फुगा दाबून हवा काढायची आणि बूच लावायचं. दोन्ही बाजूंचा आकडा वेगळा. चोवीस तासांत २५-३० मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढतात. ही वही पुढच्या तपासणीला न्यायची. नळ्या निघाल्यावरही कधी कातडीखाली पाणी साचून पोट डुचमळल्यासारखं होतं. ही सगळ्यांत नेहमीची तक्रार. सुईने दोन-चार वेळा काढलं की बहुधा थांबतं.

पोटाला पट्टा साधारण सहा आठवडे. तेवढाच काळ पाण्याची भरलेली कळशी, गॅसचं सिलिंडर, नातवंड, काहीही जड उचलायचं नाही. घरात सगळं उचलणारी बाईच असेल तर ऑपरेशनच्या तारखेआधी माणसाची सोय करा. बैठं काम दोन ते चार आठवड्यांत सुरू होतं. छेदाच्या वरची त्वचा महिनोन्महिने बधिर राहते, काही ठिकाणी कायमची. म्हणून पोटाला गरम पाण्याची पिशवी लावायची नाही. भाजलेलं कळत नाही. व्रण आधी लाल आणि कडक होतो, आणि फिका पडायला वर्ष-दीड वर्ष जातं. आपल्या त्वचेत तो काळसर किंवा जाड होण्याची प्रवृत्ती जास्त. जखम भरल्यावर सिलिकॉनचं जेल किंवा पट्टी काही महिने लावल्याने फायदा होतो. आधी कधी कान टोचल्यावर गाठ आली असेल तर सर्जनना आधीच सांगा.

कुणाकडे जायचं आणि पैसे कोण देणार

एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी पाहा. पाटीवर 'कॉस्मेटिक' लिहिलेलं असणं पुरेसं नाही. ऑपरेशन अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच करा. मुंबईत केईएम, सायन, जे.जे. अशा सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. खासगीतला खर्च झेपत नसेल तर आधी तिथे दाखवून पाहण्यात काही कमीपणा नाही.

विम्याचं उत्तर बहुतेक वेळा पहिल्या फेरीत "नाही" येतं. पण तिथे थांबू नये. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९मध्ये आरोग्य विम्यातून काय वगळायचं याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात रूप बदलण्यासाठीची कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. मात्र अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना यांना सूट आहे, आणि आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठीच्या आवश्यक उपचारालाही. ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी प्रमाणित करायची असते. म्हणजे सगळा भार पुराव्यावर आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्या याच ऑपरेशनसाठी घडी जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या, खाली लोंबते याचे फोटो, काही महिने उपचार करूनही पुरळ जात नाही याच्या नोंदी आणि वजन स्थिर असल्याचा दाखला मागतात. आपल्याकडे कुणी मागो न मागो, तीच फाइल तयार ठेवा.

म्हणून पुरळ उठलं की घरच्या घरी मलम लावून मोकळं होऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि कागदावर "पोटाच्या घडीतील वारंवार होणारा संसर्ग" असं तारखेसह लिहून घ्या. संसर्गासाठी भरती झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड जपा. समोरून, बाजूने आणि घडी उचलून असे फोटो डॉक्टरांकडूनच काढून घ्या. दर महिन्याचं वजन लिहा. पूर्वमंजुरीच्या अर्जात नुसतं 'टमी टक' लिहिलं गेलं तर दावा तिथेच मेला. काय काढणार आणि कोणत्या त्रासासाठी, ते स्पष्ट हवं. दावा नाकारला तर कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र अर्ज पोचला पाहिजे.